टाकी भरण्याआधीचं वजन

नाशिकला थंडी पडली की लोकांना द्राक्षं आठवतात, मला ट्रेलर आठवतात. माझ्या बायकोच्या मते हा डोक्यातला जुना बिघाड आहे आणि त्याचे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत. डिसेंबरच्या सकाळी मी चहाचा कप घेऊन गच्चीवर उभा असतो. समोर एका इमारतीचं काम चाललंय, तिथे कुणीतरी लोखंड कापायला घेतं. तो जळका वास कोरड्या थंड हवेत मिसळला की माझ्या पायाखालची गच्ची जाते. मी पुन्हा अम्गऱ्यात असतो, पत्र्याच्या शेडखाली, हातात वजनाची पावती घेऊन. चहा गार होतो आणि खालून हाक येते, "अहो, आलात का कुवेतहून?"

सगळा नाही आलो. काही भाग तिथेच राहिलाय, आणि तो चांगला भाग नाही.

अम्गरा म्हणजे शहराबाहेरची भंगाराची वस्ती. इराकची लढाई होऊन थोडीच वर्षं झाली होती, त्यामुळे चेपलेल्या गाड्यांचे ढीग दुमजली घराएवढे उंच. त्यांच्या पलीकडे लाकूडवाले, फरशीवाले, वेल्डिंगची दुकानं, आणि त्यांत आमचं वर्कशॉप. आम्ही बर्रला न्यायचे ट्रेलर बनवत होतो. बर्र म्हणजे वाळवंट. पण कुवेती माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याचा चेहरा मुंबईतल्या चाकरमान्याने 'गावी चाललोय' म्हणावं तसा होतो. नोव्हेंबर सरता सरता हवा फिरते. वर्षभर घरघरणारे एसी गप्प होतात. मग संगमरवरी घरांतली माणसं पणजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळी उठून वाळूत तंबू ठोकायला जातात. गालिचे जातात, वेलदोड्याच्या कॉफीच्या किटल्या जातात, जनरेटर जातो, टीव्ही जातो. ज्यांना आणखी सुख हवं ते चाकांवरचं स्वयंपाकघर आणि चाकांवरचं न्हाणीघर नेतात. ती चाकं आमची.

पुण्या-नाशिकचे बाकीचे मराठी लोक तेलात होते. म्हणजे रिफायनऱ्यांत, पेट्रोकेमिकलमध्ये, गळ्यात फोटोचं ओळखपत्र घालून. मी डिप्लोमावाला, भंगारात होतो. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणी विचारलं, "तुम्ही कुठल्या प्लांटला?" की मी "ट्रान्सपोर्ट इक्विपमेंट" असं गुळगुळीत उत्तर देऊन खिरापत तोंडात टाकायचो, म्हणजे पुढचं बोलावं लागत नसे. पण अम्गऱ्यात मला सगळे 'मुहंदिस' म्हणत. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. चांगले सहा फूट उंचीचे शेख हातात पिकअपची चावी खुळखुळवत यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. 'ह्या गाडीला हा ट्रेलर झेपेल का?' एवढा एकच त्यांचा प्रश्न, आणि उत्तर माझ्याकडे. त्या एका उत्तरावर मी वर्षभराची सगळी आरतीतली लाज धुऊन काढत असे.

हिशोब सोपा. पिकअपच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ही गाडी मागे किती वजन ओढू शकते. ट्रेलर शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायचा, पावती घ्यायची. पावतीवरचा आकडा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी भरला की झालं. मग मी अर्ध्या कागदावर दोन्ही आकडे लिहायचो, खाली रेघ, खाली शिल्लक, खाली सही आणि वर्कशॉपचा शिक्का. ट्रेलरच्या दांड्यावर पत्र्याची पट्टी ठोकायची, तिच्यावर तोच आकडा. पाण्याची टाकी आत असायची, पण ती रिकामी. कारण पाणी कुणी घरून नेत नसे. बर्रला टँकर येतो, तो तिथे टाकी भरून देतो. ही तिथली सरसकट रीत होती. माझ्या लेखी टाकी म्हणजे एक प्लास्टिकचं खोकं होतं, पंचवीस किलोचं.

बशीरभाई आमच्याकडे पहिल्यांदा आले ते याच दिवसांत. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. पन्नाशी गाठलेले, दाढी मेंदीने लाल, आणि हात असे की स्टिअरिंगखेरीज दुसरं काही धरलंच नसावं. लढाईआधी ते कुवेतमध्येच एका दुकानाची गाडी चालवत. इराकी आले तेव्हा एका पिशवीनिशी जॉर्डनच्या वाळूत पंधरा दिवस काढून घरी पोचले. दुकान राहिलं नाही, मालक राहिला नाही. मग पुन्हा आले ते सबाह अल-सालेममधल्या एका घरी ड्रायव्हर म्हणून. घरच्या म्हाताऱ्या मालकाला ते रिवाजाप्रमाणे बाबा म्हणत. धाकटी मुलगी नववीत होती, तिला शिकवून मास्तरीण करायची होती. "दोन हिवाळे काढले तर ती पार होईल, साहेब," असं ते मला कितीदा तरी म्हणाले होते. दुसऱ्यांदा पिशवी घेऊन परत जायची पाळी येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते मला ठाऊक होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे मला सबब उरू नये.

बाबांनी आमच्याकडून नवा ट्रेलर घेतला होता, जुन्याच्या दीडपट मोठा. पिकअप मात्र जुनीच. ट्रेलर ताब्यात घ्यायच्या आधी बशीरभाई एकटेच आले आणि दाराशी चपला काढून उभे राहिले. वर्कशॉपमध्ये चपला काढणारा मी दुसरा माणूस पाहिला नाही.

"साहेब, ही गाडी ह्याला खेचायची नाय."

"कशावरून?"

"हातावरून. गेल्या साली धाकटा ट्रेलर होता तरी चढावाला गाडी रडत होती. बाबांना सांगितलं तर ते म्हनतात, तुला काय कळतं. तुमी लिहून द्या, साहेब. कागद असला की ते मानतात."

आता माझा स्वभाव सांगतो. कुणी मला 'हातावरून' असं काही सांगितलं की माझं टाळकं सरकतं. मी आकड्यांचा माणूस. मी त्यांना समोर बसवलं, चहा मागवला आणि अगदी मास्तरासारखा हिशोब मांडला. गाडीची ताकद दोन हजार नऊशे पन्नास किलो. ट्रेलर काट्यावर भरला दोन हजार सातशे चाळीस. वजाबाकी दोनशे दहा. "बघा, दोनशे दहा किलो शिल्लक आहेत. तुमच्यासारखी तीन माणसं वर बसवली तरी खेचेल." ते वाकून आकडे बघत राहिले. त्यांना आकडे वाचता येत होते, पण माझ्या चेहऱ्यावरचा रुबाब त्यांनी जास्त वाचला असावा.

"लिवलंय म्हंजे खेचील," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. जाताना चपला घालायला त्यांना जरा वेळ लागला.

ते 'लिहून द्या' म्हणायला आले होते, आणि मी लिहून दिलं. नेमकं उलटं.

माझी आई म्हणायची, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. लहानपणी मला ती म्हण कळायची नाही. बैल रिकामा असला तर बिघडलं काय, असं वाटायचं.

ट्रेलर नेल्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी बशीरभाई आमच्या अब्बासियातल्या घरी आले होते. गावाहून कुणीतरी आलं होतं, त्याच्याकडून सुका जवळा आला होता, तो बायकोला द्यायला. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी सरबत घेतलं. मी टीव्हीवर मॅच बघत होतो.

"उद्या सकाळी निघायचं, साहेब. बाबांच्या दोन नाती माझ्या गाडीत, बाकी सगली पुढल्या गाडीत. पन आदी टाकी भरायला हवी. नळी लावून दीड तास मोडतो."

"हं," मी म्हणालो.

"आजीबाय घरचं पानी सोडून दुसऱ्याला शिवत नाय ना. टँकरचं पानी म्हंजे तिला वीख वाटतं."

"हं."

बाबांची आई नव्वदीच्या घरातली. तिच्या लहानपणी कुवेतला गोडं पाणी बसऱ्याहून पडावांतून, म्हणजे शिडाच्या होड्यांतून, यायचं. तहान म्हणजे काय हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं. तिच्यासाठी ते घर, फक्त ते एकच घर, वाळवंटात आपलं पाणी बरोबर नेत असे. मी ते ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. कुणीतरी बाद झाला होता आणि मी टीव्हीसमोर मांडीवर हात आपटला.

शुक्रवारी सकाळी बायको न्हाणीघरातून ओरडली, "बादली अर्धीच भरा हो, भरलेली मला उचलवत नाही!" मी नळ बंद केला. बादली बघत उभा राहिलो. वीस लिटरची बादली. वीस लिटर म्हणजे वीस किलो. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेतलं पोर सांगेल. त्या ट्रेलरची टाकी मी स्वतः बसवून घेतली होती, नऊशे लिटरची, आणि बसवली होती चाकांच्या मागे, कारण पुढे स्वयंपाकघराला जागा हवी होती.

नऊशे किलो. वर जनरेटर, सिलिंडर, गालिचे, सरपण. मी ओल्या हाताने भिंतीवर बेरीज केली. तीन हजार नऊशेच्या आसपास. गाडीच्या ताकदीपेक्षा जवळजवळ हजार किलो जास्त, आणि ते सगळं शेपटाकडे. शेपूट जड झालं की ट्रेलरचं नाक उचललं जातं, मग तो मागून गाडीला हलवायला लागतो; कुत्रं शेपूट हलवतं की शेपूट कुत्र्याला, अशी गत होते. वारा आडवा असला तर संपलंच. खिडकीबाहेर विजेच्या तारा शिट्ट्या घालत होत्या. वारा आडवाच होता.

सबाह अल-सालेमला फोन लावला. घरातली श्रीलंकन बाई म्हणाली, "बाबा गो. ऑल गो बर्र." किती वेळ झाला? "लाँग टाइम." बशीरभाईंकडे मोबाइल नव्हता; तेव्हा तो साहेब लोकांच्या कमरेला असायचा. मी किल्ली उचलली. बायको ओल्या केसांनी दारात आडवी उभी राहिली. "एकटे जाऊ नका. आम्हीही येतो." मुलगी आठ वर्षांची, तिला झोपेतून तसंच उचलून मागच्या सीटवर टाकलं.

त्या रस्त्याबद्दल आजही मला स्वप्नं पडतात. दक्षिणेकडे खैरानला जाणारा सरळ, सपाट, कंटाळवाणा रस्ता. दोन्ही बाजूंना पांढरे तंबू लागायला सुरुवात झालेली, पोरं वाळूत फुटबॉल खेळताहेत, कुठेतरी मांस भाजल्याचा धूर. सगळीकडे सण, आणि आमच्या गाडीत मी मोठमोठ्याने नवस बोलतोय. मी तसा देवाधर्माचा नाही. पण त्या दिवशी नाशिकपासून कोकणापर्यंत जेवढे देव आठवले तेवढे हाकारले, आणि बशीरभाईंच्या अल्लालाही सोडलं नाही. समोर ट्रेलर दिसला की मी गाडी दामटायचो. जवळ जाऊन बघावं तर दुसराच. उड्डाणपुलावर चढताना वाऱ्याने माझी छोटी गाडीसुद्धा बाजूला ढकलली. तिथे मी ओरडलो असेन, कारण मुलगी रडायला लागली.

पूल उतरल्यावर कडेला रस्ता काळा झालेला दिसला. लांबलचक काळा ओघळ, वाळूत शिरलेला. मी करकचून ब्रेक मारला. तेल असेल, नाहीतर... ते दुसरं मला उच्चारता येईना. खाली उतरलो आणि त्या ओलीत हात घातला. मागून मुलगी येऊन उभी राहिली, माझी बोटं बघून म्हणाली, "पप्पा, इट्स जस्ट वॉटर."

मी वाळूत बसकण मारून रडलो. बायको माझ्या खांद्यावर हात ठेवून वाऱ्याला पाठ करून उभी राहिली.

त्यांचा तळ मला ठाऊक होता. रस्त्याशी रंगवलेलं निळं पिंप, तिथून आत. पोचलो तेव्हा ट्रेलर सरळ उभा होता, पिकअप शेजारी. बाबांची एक नात हात पसरून इतर मुलांना दाखवत होती की पुलावर गाडी कशी नाचली, इकडून तिकडे, इकडून तिकडे. सगळी पोरं खिदळत होती. बशीरभाई तंबूच्या दोरीशी उभे होते, मान खाली. झालं होतं असं: पुलावर ट्रेलरने दोनदा शेपूट मारलं, त्यांनी ब्रेकला हात न लावता गाडी हळूहळू सावरली, कडेला घेतली, आणि टाकीचा कॉक उघडून सगळं पाणी सोडून दिलं. अर्धं नाही, सगळं, कारण अर्धी टाकी जास्त हेलकावते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कुणाला विचारायचं तर पुढची गाडी निघून गेली होती.

मग दुपारच्या नमाजासाठी आजीबाईने वजूला, हातपाय धुवायला, पाणी मागितलं, आणि नळाला पाणी नव्हतं.

बाबा मला बघून उठले. रागाने त्यांचा आवाज उलट बारीक होत असे. त्यांना मोडकं हिंदी येत होतं.

"तआल, इधर आओ, मुहंदिस. तुम लिखा, गाडी खींचेगा. ये बोलता, नहीं खींचेगा. मेरा माँ का पानी रेत में डाला. बोलो, कौन झूठा?"

खिशातून त्यांनी माझाच कागद काढला. शिक्का, सही, शिल्लक दोनशे दहा.

इथे मला माझी बाजू मांडता येईल. आमचा मालक बाबांचा दूरचा भाऊ. त्या मोसमात चाळीस ट्रेलर माझ्या सहीवर गेले होते. एक आकडा खोटा ठरला की चाळीस खोटे. माझी नोकरी गेली तर माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गेला, आणि त्याच्या मागोमाग बायकोचा आणि मुलीचा. गाडीत त्या दोघी बसलेल्या मला दिसत होत्या. हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं एका श्वासात माझ्या डोक्यातून गेलं.

मी म्हणालो, "बाबा, कागज पर जो नंबर है, वो सही है."

आणि तो सहीच होता! काट्यावरचा, पावतीतला, अगदी किलोपर्यंत बरोबर. आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं हलकट वाक्य दुसरं बोललो नाही.

बशीरभाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे, मागच्या काचेला नाक लावून बसलेल्या माझ्या मुलीकडे. मग बाबांना म्हणाले, "साहेब का नंबर सही है, बाबा. मेरा हाथ डर गया."

"खलास," बाबा म्हणाले.

परतीच्या वाटेवर बायकोने विचारलं, "तुम्ही सांगितलंत ते खरं होतं?"

"नंबर खरा आहे."

"मी नंबरचं नाही विचारलं."

बशीरभाईंना कायमचं घरी पाठवायचं ठरलं. कागदपत्रांना आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस मी कसे काढले हे मला नीट सांगताही येत नाही. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की बरं वाटे, कारण त्यात डोक्यातलं ऐकू येत नसे. रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर मी सबाह अल-सालेमला जायचो. बाबांच्या बैठकीच्या दारासमोर गाडी लावायचो, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून मनात वाक्य जुळवायचो. मग पाहुणे यायचे, दाराशी चपलांचे जोड वाढायचे, आणि मी गाडी वळवायचो. उद्या. उद्या नक्की. मुलीची शाळा, तिचा दप्तर घेतलेला फोटो, हे सगळं मी दर वळणावर स्वतःला दाखवायचो. बशीरभाईंनाही मुलगी होती. तिचा फोटो मी कधी बघायला मागितला नव्हता.

नवव्या दिवशी आत गेलो. सगळं सांगितलं. पाणी, टाकी, हजार किलो, शेपूट. तुमच्या नाती त्या माणसाच्या हातामुळे जिवंत आहेत, हेही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. माझ्यापुढे चहाचा छोटा पेला सरकवला. मग म्हणाले, "उधर क्यों नहीं बोला?"

मी बशीरभाईंना आत बोलवा म्हणालो.

"वो गया. आज सुबह."

बाबांनी ही गोष्ट आमच्या मालकाला कधीच सांगितली नाही. का, ते मला कळलं नाही. कदाचित त्यांनाही त्या दुपारचं काहीतरी लपवायचं असेल. माझी नोकरी शाबूत राहिली. पुढे अकरा वर्षं मी अम्गऱ्यात काढली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक ट्रेलर पाण्याने भरून काट्यावर चढवला. मालक कुरकुरायचा, गिऱ्हाइकं हसायची, भंगारवाल्याच्या काट्याभोवती चिखल व्हायचा. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! पण मी कुणाचं ऐकलं नाही. आधी गिऱ्हाइकाच्या ड्रायव्हरला बोलावून खुर्ची द्यायचो आणि विचारायचो, "घरून काय काय भरून नेता?" माणसं सांगायची. न विचारताही सांगायची, घरचं, गावचं. एवढं ओझं ओढत ही माणसं माझ्या दारात येऊन उभी राहत होती, आणि मी त्यांचं रिकामं वजन लिहून मोकळा होत होतो.

कायमचा परतलो त्या वर्षी, थंडी संपायच्या आत, मी कोकणात गेलो. गावाचं नाव तेवढं लक्षात होतं. खाडीकाठी चौकशी केली तर एकाने विचारलं, "कोण, गाडीला भ्यालेला बशीर काय?" आणि बोट दाखवलं. मी तिथेच उभा राहिलो. परत फिरावंसं वाटलं. त्यांनी बाबांना सांगितलेलं वाक्य त्यांच्याआधी गावात पोचलं होतं आणि इतकी वर्षं गावात राहिलं होतं.

ओट्यावर ते जाळं दुरुस्त करत बसले होते. दाढीला मेंदी नव्हती. त्यांनी मला ओळखलं, उठले, खांद्यावरच्या टॉवेलने बाकडं पुसलं, आत हाक देऊन सरबत सांगितलं. धाकटीचं विचारलं तर म्हणाले, दहावीनंतर राहिलं तिचं, आता दोन पोरं हायेत, बरं हाय. मी वाटभर घोकलेली माफी काढली. चार शब्द झाले असतील, त्यांनी हात वर केला.

"ते सोडा, साहेब. मला येक सांगा. पानी धरून किती झालं असतं?"

अकरा वर्षं तो आकडा माझ्या जिभेवर होता. "तीन हजार नऊशे."

"आनि गाडी किती खेचनार होती?"

"दोन हजार नऊशे पन्नास."

त्यांनी जाळं खाली ठेवलं. दोन्ही हात उताणे करून मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघत बसले. मग आत तोंड करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आयकलंस गो? हजार किलो जास्त होतं! माझा हात डरला नव्हता!"

आतून भांड्याचा आवाज थांबला. त्यांची बायको सरबताचा पेला घेऊन दारात आली. तिने पेला माझ्या हातात दिला नाही, बाकड्यावर ठेवला. माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"लिहून द्या," ती म्हणाली.

मी खिशातून पेन काढलं. तिने नातवाची वही आणून दिली. मांडीवर वही धरून मी आकडे मांडायला घेतले, आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, पाणी लिहिलं.